चाप, घोडा आणि दोष : गॅरंड रायफलीच्या दोषनिदानाचा इतिहास

शस्त्रांचा इतिहास बहुधा लढायांच्या अंगाने लिहिला जातो. कोणते शस्त्र कोणत्या रणांगणावर आले आणि त्याने कोणाचे पारडे जड केले, एवढे सांगून इतिहासकार पुढे जातो. शस्त्र बिघडले असता ते धरणाऱ्या माणसाने काय केले, बिघाडास कोणते नाव दिले, आणि त्या नावामुळे दोष नेमक्या जागी सापडला की भलत्याच जागी शोधला गेला, या प्रश्नांकडे मात्र क्वचितच लक्ष गेले आहे. वस्तुतः शस्त्र आणि माणूस यांच्या संबंधाचे खरे स्वरूप बिघाडाच्या क्षणीच उघड होते. प्रस्तुत निबंधात अमेरिकन सैन्याने १९३६ मध्ये स्वीकारलेल्या गॅरंड रायफलीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. विशेष भर आहे तो चाप या अवयवावर. कारण बोट आणि यंत्र यांची गाठ तेथेच पडते, आणि म्हणूनच दुसरीकडचे दोषही पुष्कळदा चापाच्याच नावावर खपतात.

१. शब्द आणि वस्तू

प्रथम परिभाषेचा उलगडा केला पाहिजे. बंदुकीसंबंधीची मराठी शब्दसंपत्ती अनेक वाटांनी आलेली आहे. 'बंदूक' हा शब्द अरबीतून फारसी-तुर्कीच्या मार्गाने आला, 'चकमक' तुर्की आहे, तर 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्काची खूण बाळगून आहेत. 'चाप' आणि 'घोडा' या दोन शब्दांचा वापर मात्र सैल राहिला. बोटाने ओढावयाच्या कळीस कोणी चाप म्हणतो, कोणी घोडा; 'घोडा दाबला' आणि 'चाप ओढला' ही वाक्ये सामान्य वाचकास एकाच अर्थाची वाटतात. यांत्रिक दृष्टीने हे दोन निराळे अवयव आहेत. बोटाखाली असतो तो चाप. ताणलेल्या कमानीच्या जोरावर पुढे झेपावून आघात करतो तो घोडा. या दोहोंमध्ये घोड्यास अडवून धरणारा जो दात असतो, त्यास येथे 'खटका' म्हटले आहे.

आघात करणाऱ्या अवयवास प्राण्याचे नाव देण्याची प्रवृत्ती अनेक भाषांत आढळते. इंग्रजी आणि जर्मन भाषांनी त्यास कोंबडा म्हटले, फ्रेंच आणि पोर्तुगीज भाषांनी कुत्रा, तर मराठी आणि हिंदी या भाषांनी घोडा. झेप घेणारी, चोच मारणारी किंवा चावणारी वस्तू म्हणून लोकांनी तिच्याकडे पाहिले हे स्पष्ट आहे. याउलट चापाचे इंग्रजी नाव 'ट्रिगर' हे 'ओढणारा' या अर्थाच्या डच शब्दापासून आलेले आहे. म्हणजे एका अवयवाचे नाव यंत्राच्या कृतीवरून पडले, तर दुसऱ्याचे माणसाच्या कृतीवरून. दोषनिदानाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. माणूस स्वतःची कृती जाणतो. यंत्राची कृती त्यास अनुमानाने ताडावी लागते.

तोड्याच्या बंदुकीत असे अनुमान फारसे करावे लागत नसे. चाप ओढला की पेटता तोडा कानाशी टेकलेल्या रंजकीवर उतरे आणि बार उडे. न उडाल्यास कारण बहुधा डोळ्यांना दिसे : तोडा विझलेला असे, रंजक ओली झालेली असे, किंवा कान बुजलेला असे. चकमकीच्या आणि पुढे टोपीच्या बंदुकीतही स्थिती फारशी पालटली नाही. 'फुसका बार' हा मराठीतील रूढ शब्दप्रयोग याच काळाच्या अनुभवातून आलेला आहे. त्या काळी एका ओढीस एक बार, आणि पुढील बार बंदूक हाताने भरल्यावर, असा क्रम होता. दुसरा बार आपोआप उडेल ही भीतीच नव्हती, आणि तो उडू नये यासाठी काही योजना करण्याचेही कारण नव्हते.

२. स्वयंभरणाने निर्माण केलेला प्रश्न

विसाव्या शतकाच्या आरंभी जी शस्त्रे आली त्यांनी हा क्रम मोडला. अमेरिकनांनी त्यांस 'सेमी-ऑटोमॅटिक' म्हटले, ब्रिटिशांनी 'सेल्फ-लोडिंग'. मराठीत 'अर्धस्वयंचलित' हा शब्द रूढ झाला असला तरी त्यातून निम्मेअधिक काम यंत्राचे एवढाच बोध होतो, नेमके कोणते काम कोणाचे हे कळत नाही. 'स्वयंभरणी' हा शब्द अधिक अचूक ठरेल. रिकामे काडतूस बाहेर टाकणे, घोडा पुन्हा चढविणे आणि नवे काडतूस नळीत बसविणे ही सारी कामे रायफल स्वतः करते. बार उडविण्याचा निर्णय मात्र प्रत्येक वेळी माणसाचाच राहतो.

अडचण निर्णयाच्या या अटीत आहे. रायफलीचे भरणचक्र एका क्षणाच्या अल्पांशात पुरे होते; तेवढ्यात कोणाचेही बोट चापावरून सुटत नाही. चक्र पुरे होते तेव्हा चाप ओढलेल्या स्थितीतच असतो. घोड्यास धरणारा एकच दात असेल, तर तो चाप ओढल्यामुळे आधीच बाजूस झालेला असतो, आणि परत फिरलेला घोडा कशालाही न अडकता पुढे जाईल. म्हणून दोन दातांची योजना करावी लागते. चाप ओढलेला असताना एक दात घोड्यास पकडतो. बोट सैल झाले की तो घोड्यास सोडतो आणि त्याच क्षणी दुसरा दात त्यास आपल्या ताब्यात घेतो. या हस्तांतराचा हलका 'टक्' असा आवाज कानास ऐकू येतो. जॉन ब्राउनिंग यांनी १९०० च्या सुमारास आपल्या स्वयंभरणी शॉटगनसाठी जी रचना सिद्ध केली, तिच्याशी गॅरंड रायफलीच्या चापयंत्रणेचे साम्य स्पष्ट आहे. आणि पुढे कलाश्निकोव्ह रायफलीतही याच कुळातील रचना दिसते.

जॉन कँटियस गॅरंड यांचा जन्म १८८८ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांतात झाला. बालपणीच ते कुटुंबासह अमेरिकेत आले आणि कनेक्टिकटमधील कापडगिरणीत कामास लागले. यंत्राशी त्यांचा परिचय असा गिरणीतून झाला. १९१९ मध्ये ते मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रशाळेत रुजू झाले. त्यांची पहिली रचना काडतुसाच्या टोपीच्या मागे सरकण्यावर चाले. सैन्याच्या काडतुसाचे स्वरूप बदलल्यावर ती सोडून त्यांना दारूच्या वायूचा दाब वापरणारी रचना करावी लागली. काडतूस ०.२७६ इंचाचे असावे की ०.३० इंचाचे, या वादात १९३२ मध्ये सेनाप्रमुख डग्लस मॅकार्थर यांनी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने निर्णय दिला. अखेर जानेवारी १९३६ मध्ये 'एम-१' या नावाने रायफल स्वीकृत झाली. आठ काडतुसांची धातूची क्लिप, सुमारे ९.५ पौंड वजन, आणि नळीखालच्या वायुकोशातून दांड्याच्या द्वारे खिळीस मिळणारी गती, ही तिची ठळक वैशिष्ट्ये होत.

तिची चापयंत्रणा हा एक स्वतंत्र संच आहे. चापाभोवतालचे संरक्षक कडे मागील टोकास धरून उघडले की संपूर्ण संच दस्त्यातून खाली निघून हातात येतो. घोडा, चाप, दोन्ही दात आणि सुरक्षा-कळ एकाच चौकटीत बसविलेली आहेत. आणि घोड्यास रेटणारी कमानच चापालाही मूळ जागी परत आणते. थोड्या भागांत अधिक कामे करून घेण्याच्या या मितव्ययात लाभ आहे, तशी अडचणही आहे. एक कमान दुबळी झाली की परिणाम दोन ठिकाणी दिसतो, आणि पाहणाऱ्यास दोष दोन असल्याचा भास होतो.

३. दोषाची भाषा

या रायफलीसंबंधीच्या अमेरिकन सैन्याच्या शिक्षणपुस्तिकांत शस्त्राच्या कार्याचे आठ टप्पे सांगण्याची पद्धत होती : काडतूस पुढे येणे, नळीत बसणे, खिळी बंद होणे, बार उडणे, खिळी उघडणे, रिकामे काडतूस ओढले जाणे, ते बाहेर फेकले जाणे, आणि घोडा चढणे. वरकरणी ही केवळ वर्णनाची सोय वाटते. वस्तुतः ते दोषनिदानाचे व्याकरण आहे. वाक्य कोठे अडले हे कळण्यासाठी जसा पदक्रम ठाऊक असावा लागतो, तसे चक्र कोठे अडले हे कळण्यासाठी टप्प्यांचा क्रम ठाऊक असावा लागतो. 'रायफल चालत नाही' या तक्रारीत माहिती काहीच नाही. 'बार उडाला, रिकामे काडतूस बाहेर पडले, पण घोडा चढला नाही' या विधानात मात्र निम्मे निदान झालेले असते.

निदानाच्या दोन पायऱ्या होत्या, आणि त्यांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिली पायरी तात्काळ कृतीची : रायफल थांबली की दांडा मागे ओढून सोडावयाचा, पुन्हा नेम धरावयाचा आणि चाप ओढावयाचा. येथे कारणाचा विचार करावयाचा नाही. रणांगणावर विचारास वेळ नसतो. एवढ्याने काम न झाल्यास दुसरी पायरी : कोणता टप्पा अडला ते पाहावयाचे, संभाव्य कारणांचा क्रम लावावयाचा आणि उपाय करावयाचा. लक्षण, कारण आणि उपाय अशा तीन रकान्यांच्या कोष्टकात हे ज्ञान मांडले जाई. कारागिराच्या हातात आणि कानात असलेले ज्ञान अशा रीतीने लक्षावधी अननुभवी तरुणांना देता येईल अशा वाक्यांत उतरविले गेले.

चापयंत्रणेच्या परीक्षेची रीत याच शिस्तीची आहे. रायफल रिकामी असल्याची खात्री प्रथम करावयाची. नंतर घोडा चढवून सुरक्षा-कळ लावावयाची आणि चाप ओढावयाचा. घोडा पडता कामा नये. कळ काढून चाप ओढला की तो पडला पाहिजे. त्यानंतर चाप ओढलेलाच ठेवून दांडा मागे घ्यावयाचा व सोडावयाचा. घोडा आता पहिल्या दातात अडकला पाहिजे. बोट हळूहळू सैल केले की हस्तांतराचा आवाज आला पाहिजे, आणि पुन्हा ओढल्यावर घोडा पडला पाहिजे. या प्रत्येक कृतीचे अपेक्षित उत्तर आधीच ठरलेले असते. उत्तर चुकले की दोषाची जागा आपोआप संकुचित होते. दात झिजले असल्यास पुढील काम मात्र शस्त्रशाळेचे. दातांच्या पृष्ठांवर स्वतः कानस चालविण्याचा अधिकार सैनिकास नव्हता, आणि त्यामागे सबळ कारण होते. केसभर धातू अधिक निघाला तरी एका ओढीस दोन बार उडण्याचा धोका उत्पन्न होतो.

४. लक्षण येथे, कारण तेथे

कोष्टकांतील कारणे वाचली असता एक गोष्ट लक्षात येते. चापाशी जाणवणारे पुष्कळ दोष चापात नसतात.

सर्वांत बोधप्रद उदाहरण 'मेलेल्या' चापाचे आहे. सैनिक चाप ओढतो; बोटास कोणताच विरोध लागत नाही, आणि काही घडत नाही. चापच तुटला अशी त्याची समजूत व्हावी हे स्वाभाविक होय. प्रत्यक्षात घोडा चढलेलाच नसतो, म्हणून चापास अडविणारे काही नसते. घोडा दातांच्या झिजेने चढला नसेल हे शक्य आहे. परंतु खिळी पुरेशी मागे न गेल्यामुळेही तो चढत नाही. खिळी मागे न जाण्याचे कारण वायुकोशात साचलेली काजळी, झिजलेला दांडा किंवा सैल झालेला पेच यांत असू शकते. म्हणजे बोटापाशी जाणवलेल्या दोषाचे मूळ नळीच्या टोकापाशी, हातभर दूर असते.

दुसरे उदाहरण कोरियातील आहे. १९५० च्या हिवाळ्यात चोसिन जलाशयाच्या परिसरात शस्त्रांतील तेल कडाक्याच्या थंडीने घट्ट झाले आणि हलणाऱ्या भागांची गती मंदावली. अशा स्थितीत चाप ओढला जातो, घोडाही पडतो, परंतु आघात दुबळा झाल्याने बार उडत नाही. येथे दोष धातूचा नाही, वंगणाचा आहे. तेल अधिक घातल्याने शस्त्र अधिक नीट चालेल ही समशीतोष्ण प्रदेशातील समजूत तेथे घातक ठरली. पावसाच्या बाबतीत अनुभव उलट होता. सतत भिजलेल्या रायफलीतील तेल धुऊन जाई आणि खिळी व दांडा यांचे घर्षण वाढे. त्यावर साध्या तेलाऐवजी ग्रीज वापरण्याचा उपाय निघाला आणि ग्रीजची लहान डबी दस्त्याच्या पोकळीत ठेवली जाऊ लागली.

तिसरा प्रकार याहून गंभीर होय : चापास बोट न लावता उडालेला बार. गॅरंड रायफलीत आघात करणारी सुई कमानीने धरलेली नसून मोकळी असते. खिळी वेगाने बंद होताना ती सुई जडत्वाने पुढे सरकून काडतुसाच्या टोपीस हलकेच स्पर्श करते. रचनेत ती वेळेपूर्वी पुढे येऊ नये अशी योजना आहे. तथापि भाग झिजलेले असल्यास, घाण साचल्यास किंवा टोपी अतिसंवेदनशील असल्यास चापाचा काहीही संबंध नसताना बार उडू शकतो. अशा प्रसंगी 'चाप ओढला गेला असेल' हा पहिला संशय माणसावर येतो. निदानशास्त्र त्या संशयास थोपवून सुई आणि काडतूस पाहावयास सांगते.

चौथे उदाहरण चापाचे नव्हे. परंतु दोषाचा शोध किती दूर जाऊ शकतो हे त्यावरून कळते. १९४० च्या सुमारास काही रायफलींत सातवे काडतूस नीट भरले जात नाही अशी तक्रार पुढे आली. आठांपैकी नेमके सातवेच का अडावे, हा प्रश्न विचित्र होता. शिवाय क्लिपमधील सर्वांत वरचे काडतूस कोणत्या बाजूस आहे यावर दोष उद्भवणे न उद्भवणे अवलंबून होते. शोध करता असे दिसले की, मोठ्या उत्पादनासाठी यंत्रांची मांडणी करताना रायफलीच्या चौकटीतील मार्गदर्शक कंगोऱ्याचा लहानसा भाग कापला जात होता. रचना निर्दोष होती, सैनिक निर्दोष होता. दोष कारखान्यातील एका कापणीत होता. तयार चौकटींत तेथे धातू जोडून आणि पुढील कापणी सुधारून तो दूर करण्यात आला. सातव्या काडतुसाविषयीची नेमकी तक्रार नोंदली गेली नसती, तर सर्वसाधारण 'अडथळा' या सदराखाली हा दोष दीर्घकाळ दडून राहिला असता.

५. दोष कोणाचा?

दोष कोठे आहे, या प्रश्नाच्या पोटात नेहमीच दोष कोणाचा, हा प्रश्न असतो. गॅरंड रायफलीच्या बाबतीत १९४० मध्ये अमेरिकेत सार्वजनिक वाद झाला. मेल्व्हिन जॉन्सन यांची रायफल प्रतिस्पर्धी म्हणून पुढे आली, आणि वृत्तपत्रे व काँग्रेस यांपर्यंत चर्चा पोहोचली. या वादात शस्त्रशाळेस आपल्या रायफलीचे दोष मान्य करून ते सुधारावे लागले. नळीच्या तोंडाशी वायू अडविण्याची मूळ रचना बदलून नळीस छिद्र ठेवण्याची रचना आली, ती याच सुमारास. १९४५ पर्यंत चाळीस लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या. त्यांच्या लौकिकाचे श्रेय मूळ रचनेस आहेच. परंतु आरंभीच्या तक्रारी ऐकल्या गेल्या, यालाही त्याचा वाटा दिला पाहिजे.

याउलट उदाहरण पुढील पिढीचे आहे. व्हिएतनाममध्ये १९६६-६७ च्या सुमारास एम-१६ रायफली अडू लागल्या. ही रायफल एकेरी व सलग अशा दोन्ही प्रकारे चाले; तिची रचनाही निराळी होती. अडलेल्या रायफलींचे खापर प्रथम सैनिकांच्या अस्वच्छतेवर फोडण्यात आले. अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीने, काँग्रेस-सदस्य रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली, या प्रकरणाची चौकशी केली आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल दिला. काडतुसातील दारूचा प्रकार बदलण्यात आला होता आणि त्याचे परिणाम पुरेसे तपासले गेले नव्हते, हे त्यातून स्पष्ट झाले. स्वच्छतेची साधने व शिक्षण हीही सैनिकांस पुरेशी मिळालेली नव्हती. पुढे काडतूस बसण्याच्या पोकळीस क्रोमचा मुलामा देण्यात आला आणि स्वच्छतेच्या शिक्षणासाठी विल आयझनर यांची सचित्र पुस्तिका निघाली. अस्वच्छता हे अडथळ्याचे एक कारण होतेच; परंतु एक कारण सापडले म्हणून शोध तेथेच थांबविणे हा निदानातील सर्वांत मोठा प्रमाद होय, आणि त्याची किंमत निदान करणाऱ्याने नव्हे, तर रायफल हाती असलेल्याने मोजली.

भारताच्या संदर्भातही या इतिहासास एक दुवा आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात भारतीय पायदळाच्या हाती मुख्यतः हाताने खिळी ओढावयाची ०.३०३ इंची ली-एन्फील्ड रायफल होती. त्या दशकात इशापूर येथील कारखान्यात तयार होऊ लागलेली १-अे-१ ही स्वयंभरणी रायफल भारतीय सैन्यात 'एस. एल. आर.' या आद्याक्षरांनी ओळखली गेली. पायदळातील मराठीभाषक जवानांच्या बोलण्यातही तिचे नाव याच रूपात स्थिरावले. नव्या शस्त्राबरोबर नवे दोष आले आणि दोषांसाठी नवे शब्दही आले. ते बहुतांशी इंग्रजी राहिले. कारण दोषाचे शिक्षण ज्या भाषेत मिळते, त्याच भाषेत तो पुढे ओळखला जातो. मराठी परिभाषेत चाप आणि घोडा यांतील भेद जोवर पक्का होत नाही, तोवर चाप मेला की घोडा चढला नाही, हे मराठीत नेमकेपणाने सांगता येणार नाही. परिभाषा हा केवळ कोशकारांचा विषय नाही, हे अशा ठिकाणी प्रत्ययास येते.

६. समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, स्वयंभरणी रायफलीने चापास एक नवे कार्य दिले. पूर्वीचा चाप केवळ बार उडवीत असे. नवा चाप बार उडवितो आणि पुढील बार रोखूनही धरतो. त्यामुळे दोषही दुहेरी झाले : न उडणे आणि नको असता उडणे. दुसरी गोष्ट ही की, चापाशी जाणवणाऱ्या दोषाचे कारण वायुकोशात, वंगणात, सुईत, काडतुसात किंवा कारखान्याच्या कापणीत असू शकते; म्हणून निदान जाणिवेच्या जागेवरून नव्हे, तर कार्याच्या क्रमावरून केले पाहिजे. तिसरी गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विशेष महत्त्वाची आहे. शस्त्राच्या सुधारणेचे मूळ साधन सैनिकाची साक्ष हेच होय. ती साक्ष पुष्कळदा ओबडधोबड असते. तीत अवयवांची नावे चुकलेली असतात, आणि रागही असतो. परंतु 'सातवे काडतूस अडते' एवढ्या तीन शब्दांच्या साक्षीने एका शस्त्रशाळेस आपली कापणी तपासावयास लावले. शस्त्रांच्या इतिहासाची साधने शोधणाऱ्याने विजयाच्या वृत्तांतांबरोबरच तक्रारींच्या नोंदीही वाचावयास हव्यात. यंत्र कसे चालावे हे रचनाकाराच्या आराखड्यात सापडते. ते प्रत्यक्षात कसे चालले, हे त्या नोंदींतच सापडते.